लेबल खरवडलेल्या बाटल्या

ती दुपार अजून माझी पाठ सोडत नाही. अंधेरीच्या पूर्वेकडे एका ठाण्यात मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. खबऱ्या सांगत आला की पॅकिंगच्या गाळ्यात गावाकडची एक बाई कामाला लागली आहे. तिच्या पिशवीत गोळ्यांच्या बाटल्या असतात, त्यांवरची लेबलं खरवडलेली, आणि ती रोज चोरून गोळी घेते.

दोन पंच घेऊन आम्ही तिला उचललं. पिशवीत दोन बाटल्या आणि एक डबा निघाला. रायटरने पंचनाम्यात 'उकडलेले अंडे, नग एक' असं लिहिलं आणि हसला.

बाई तिशीची असेल. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. काहीही विचारलं तरी ती पिशवीकडेच बघायची. पाच वाजले तेव्हा तोंड उघडलं.

"साहेब, बाकी सगळं ठेवून घ्या. एक गोळी द्या, वेळ झाली."

"तलफ आली बघ," मी रायटरला म्हणालो. या वेळी आम्ही दोघेही हसलो.

चहा आला. तिने ग्लासला हात लावला नाही. "माझा ग्लास वेगळा द्या, नाहीतर नको."

आमच्या हवालदार बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात सरकारी रुग्णालयाचं घडी घातलेलं कार्ड होतं. एचआयव्ही.

तिने त्यांना आत सगळं सांगितलं होतं. नवरा त्याच आजाराने गेला होता. सासरी तिने दोन वर्षं औषधाविना काढली. तालुक्याला औषध फुकट मिळत होतं, पण तिथला कर्मचारी भावकीतला, गेली तर गावभर झालं असतं. ताप हटेना, तोंड आलेलं, भाकरी गिळवेना. कपभर दूध मागितलं तर सासू म्हणाली, जाणाऱ्या बाईवर कशाला घालवायचं? ती पूर्वीही सगळ्यांच्या मागून जेवायची. आता ताटही वेगळं झालं, आणि त्यात पडायचं ते उरलंसुरलं. भावाला नुसता अशक्तपणा सांगून ती घाटकोपरला त्याच्याकडे आली. इथे गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी नीट खा म्हणून बजावलं होतं. भावजयीकडे अंडं मागायची सोय नव्हती, म्हणून ती गाडीवरून घेऊन गाळ्यात खायची. लेबल खरवडायची, कारण भावजयीला वाचता येत होतं.

"एकच म्हणते, साहेब," हवालदार बाई म्हणाल्या. "भावाला कळू देऊ नका."

मी मान हलवली. बाटल्या परत केल्या, गुन्हा दाखल केला नाही. पण बाईला एकटी सोडायची नाही, घरातल्या पुरुषाची सही घेऊन त्याच्या ताब्यात द्यायची, ही आमच्याकडची रीत. भावाला बोलावलं. तो आला तोच हात उगारून. गर्द विकतेस का, तोंड काळं केलंस. मला तिची बाजू घ्यायची होती. भर ठाण्यात मी ओरडलो, "हात खाली घे! नशेडी नाही रे ती. एचआयव्हीचं औषध आहे ते."

त्याचा हात खाली आला. मग तो तिच्यापासून दोन पावलं मागे सरकला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला तिने सांगितलेलं आठवलं.

पंधरा दिवसांनी हवालदार बाई साध्या साडीत त्या वस्तीत जाऊन आल्या. भावजयीने त्याच दिवशी ताट वेगळं केलं होतं. चौथ्या दिवशी भावाने तिला एसटीत बसवून सासरी पाठवलं. म्हणजे पुन्हा तोच तालुका, तोच कर्मचारी, तेच ताट. मी तिकडच्या ठाण्याला फोन लावायला रिसीव्हर उचलला. हवालदार बाईंनी फोनवर हात ठेवला.

"कशाला, साहेब? तिच्या दारात वर्दीच जाणार ना? आणि विचारणार काय, सगळ्या गावासमोर?"

आम्ही तिच्या डब्यातल्या अंड्याची नोंद केली. तिच्या ताटात काय पडतं याची चौकशी तिच्या सासरी, माहेरी, आमच्या ठाण्यात कुणीही केली नाही. घरातली आजारी बाई उपाशी राहते, तेव्हा कुठलंही कलम लागत नाही, कारण तक्रार करायला कुणी येत नाही.

त्यानंतर कुठल्याही बाईला सोडताना मी आधी तिलाच विचारू लागलो, कुणाला बोलावू आणि त्याला काय सांगू. या बाईला मला तेही विचारावं लागलं नव्हतं. तिने आधीच सांगितलं होतं.