नाडी मोजायची लाज

नवऱ्याची नाडी चव्वेचाळीसवर आली, तेव्हा मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात साखर वाटली होती. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तीन आठवडे तापाने फणफणलेला माणूस, सव्वाशेच्या वर धावणारी नाडी. ती संथ झाली म्हणजे माणूस बरा झाला, एवढीच माझी अक्कल. डॉक्टरांनी साखर घेतली नाही. लहानपणच्या सांध्यांच्या तापाने बिघडलेल्या हृदयाच्या झडपेत जंतू शिरलेत, आणि तिथली सूज आता ठोके चालवणाऱ्या वाटेपर्यंत पोचलीय, म्हणूनच नाडी मंदावलीय, असं त्यांनी सांगितलं. त्याच दुपारी नागपूरला नेलं. ठोके चालू ठेवायला शिरेतून हृदयात तार घातली. पेनिसिलीनने सूज उतरली, ठोके आपले आपण पडू लागले, तार निघाली. दीड महिन्याने आम्ही आमच्या गावी, करडीला परतलो.

"महिनाभर रोज तीनदा नाडी मोजा," डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "पन्नासच्या खाली गेली तर तशाच निघा." मी भावाचं घड्याळ मागून घेतलं.

पण आमच्या घरात सून चारचौघांत नवऱ्याचा हात धरत नसे. मामाजींशी, म्हणजे सासऱ्यांशी, तर बोलतही नसे. मी यांना स्वयंपाकघरात बोलावून, दार लोटून नाडी मोजायची.

"चोरी करून राहिली का तू?" हे हसायचे. मला संताप यायचा. जीव यांचा, आणि लपूनछपून मी!

विसाव्या दिवशी धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, चाललं होतं. हे खळ्यात उभ्याउभ्या मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक. मजूर, शेजारी, सगळे जमले. मी घड्याळ घेऊन धावले, आणि मामाजी समोर दिसताच पदर ओढून उभी राहिले. आजही स्वतःची चीड येते.

"कायले लाजून राहिली वो पोरी?" मामाजी ओरडले. "पकड त्याचा हात! मोज!"

मी मातीत बसले, मनगट धरलं. घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून मिनिटभर ठोके मोजले.

"किती?" मामाजींनी विचारलं.

"शहात्तर."

सहा वर्षांत त्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द.

"म्हंजे? बरा हाये?"

"बरे हायेत, मामाजी. सकाळपासून उपाशी हायेत, म्हणून भोवळ आली."

मामाजी माझ्या शेजारी तणसाच्या पेंढीवर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. मग मीही रडून घेतलं. यांचं मनगट मात्र मी सोडलं नाही, आणि कुणी सोड म्हटलंही नाही.