सातवा खण

"चुकीची निघाली," साहेब म्हणाले आणि हातातली डिस्क माझ्यापुढे धरली. मीच काढायला सांगितल्यासारखी.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीतली स्क्रीन काळी झाली. टेबलावर उत्तनची फिलोमिना होती, मासे विकणारी. डोक्यात गाठ, भूल दिलेली. गाठ नेमकी कुठे आहे ते दाखवणारे फोटो खालच्या मशीनमधून वर जायचे, ते बंद झाले. सर्जनबाईंचा फोन आला. अजून चिरलेलं नाही, पण हिला अशी किती वेळ झोपवून ठेवू?

साहेब म्हणजे आमच्या मीरा रोडच्या हॉस्पिटलातले कम्प्युटरवाले. मी तिथे झाडू-पोछा करते. शाळा चौथीपर्यंत. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. गळ्यात ओळखपत्र, शर्टाला कडक इस्त्री आणि काहीही विचारलं की एकच उत्तर, "मावशी, सिस्टमला सगळं माहीत असतं."

एकदा मी त्या मशीनवरची धूळ पुसत होते. समोर बारा खण, प्रत्येकात एक डिस्क, सगळ्या सारख्या. मी म्हटलं, साहेब, यांच्यावर चिठ्ठ्या लावा, आम्ही जिऱ्या-ओव्याच्या डब्यावरसुद्धा लावतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं, मावशी सर्व्हरला मसाल्याचा डबा समजतात. सगळे हसले. मी चहा संपवला आणि कप धुतला.

त्यांची हुशारी अशी की मोठ्या मशीनच्या पोटात त्यांनी दुसरं मशीन बनवलं होतं, हाताला न लागणारं. डिस्क सांभाळायचं काम त्या आतल्याकडे. आतल्याला डिस्क खराब झाल्याचं कळतं, तिचा लांबलचक नंबरही कळतो. ती कुठल्या खणात बसलीय तेवढं कळत नाही. ती माहिती म्हणे मधेच अडते. आणि नंबर छापलेला डिस्कच्या अंगावर, बाहेर ओढल्याशिवाय वाचता येत नाही.

त्या सकाळी एक डिस्क खराब झाली. एक गेली तरी मशीन चालतं, दोन गेल्या की बंद, हे मला त्यांनीच ऐकवलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत थांबता आलं असतं. पण दुपारी मीटिंग होती आणि तिथे 'झालं' म्हणायचं होतं. त्यांनी मशीन बसवणाऱ्याला फोन लावला. "भाई, लोकेशन ब्लँक आ रहा है." त्याने डिस्कचा नंबर वहीत शोधून खण सांगितला, सात. साहेबांनी डावीकडून सात मोजले आणि ओढली.

आता परत त्यालाच फोन.

"सर, झीरो से गिना ना?" तो म्हणाला.

आमच्या मास्तरांनी वर्गात पोरं मोजताना पहिल्याला कधी शून्य म्हटलं नाही. शिकलेल्यांचं वेगळं असेल.

साहेबांनी काढलेली डिस्क स्टुलावर ठेवली आणि हात आठव्या खणाकडे नेला.

"आधी काढलीस ती लाव," मी म्हटलं. अहोजाहो सुटलंच माझं.

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही."

"ती चांगली होती ना? मग तिच्या जागी लाव, आणि हात खिशात घाल."

त्याने लावली. हातही खरंच खिशात घातले. आतलं मशीन पुन्हा उठायला फार वेळ लागला. तेवढ्यात त्याने मला विचारलं, मावशी, कोणाला सांगणार नाही ना? वर बाई टेबलावर, आणि याला हा प्रश्न. मग तो माझ्या बादलीशेजारी फरशीवरच बसला. शर्ट पाठीला चिकटलेला. वय माझ्या धाकट्याहून कमी. मी त्याला पाणी दिलं. तेवढंच.

फोटो परत आले. वर काम सुरू झालं.

चौकशीत साहेबांनी लिहून दिलं, सफाई करताना डिस्क हलली असावी. त्या खोलीत आता मला सोडत नाहीत. पुढे ते याहून मोठ्या मशीनवर, मोठ्या कंपनीत गेले. जाताना पेढे वाटले. मी घेतला आणि खाल्ला, पेढ्याचा काय दोष.

ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. फिलोमिना जगली.