हॉलंडच्या राजकुमारीची वटी

चार दिवस मी हॉलंडची राजकुमारी होतो. हसू नका. मुरगूड आणि बिद्रीच्या मधल्या आमच्या गावात जाऊन माझं नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'राजकुमारी कुठं राहते' म्हणालात तर थेट माझ्या दारात आणून सोडतील.

झालं असं. काका गेला तेव्हा काकीकडं उरली एक म्हैस, तीही लाथाळ. त्या म्हशीच्या जोरावर काकीनं नव्वदच्या सुमाराला गावात बायकांची दूध संस्था काढली. मी तिचा पुतण्या, म्हणून मला तिथं सचिव केलं. माझी उंची अशी की जोतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठीला माझ्याशेजारी उभं राहायची लाज वाटायची, त्यामुळं दुसरं कुठलं काम मला शोभतही नव्हतं. पाहता पाहता संस्था एवढी वाढली की पहाटे आमच्या कॅनांचा खडखडाट झाला की कर्नाटकातले कोंबडे आरवायचे.

नवं शतक लागलं आणि एके दिवशी वरून फोन आला. हॉलंडची राजकुमारी बायकांच्या संस्था बघत देशात फिरणार आहे, तुमच्याकडं अर्धा तास येईल. गरीब बायका पैसा कसा उभा करतात हे जगभर हिंडून बघणं, हे म्हणे तिचं काम. म्हणजे ज्यांच्याकडं पैसा नाही त्यांच्याकडं, ज्यांच्या घरी तो मावत नाही त्यांनी शिकायला जायचं. काकीच्या गोठ्यात एक काळी-पांढरी गाय होती, तिची जात मूळची हॉलंडची. माहेरचं माणूस येतंय म्हणून बायकांनी तिची शिंगं रंगवली.

आता गावाचे आण्णा. सोसायटी, तालीम, पतसंस्था, वाचनालय, सगळ्यांचे अध्यक्ष तेच. एक बायकांची डेअरी तेवढी त्यांच्या हातून निसटलेली. पाहुणीला स्टेज नको, भाषणं नकोत, फक्त बायकांशी बोलायचंय, असा निरोप आला होता. आण्णांनी तो ऐकला आणि लगेच स्टेज मारायला घेतलं. खुर्च्या मांडल्या त्या सगळ्या पुरुषांच्या. बायकांच्या कर्तबगारीवर कोण कोण बोलणार हे ठरलं, त्यात बाई एकही नव्हती.

राहता राहिली वटी. पाहुणी बाईमाणूस, तिला नारळ-खण देऊन वटी भरल्याशिवाय गावाबाहेर कशी सोडायची? काकीनं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. म्हणाली, "संस्था माझी, पावणी माझी. वटी मी भरणार."

आण्णा गोड आवाजात म्हणाले, "वैनी, तुमचा मान हायच की. पर सवाष्णीचं काम हाय ते. परक्या मुलखातली लेक, तिला अपशकुन कशाला?"

मग वटी आण्णांच्या मालकीणबाई भरणार असं ठरलं, आणि काकीनं मागं कॅनांजवळ उभं राहायचं. काकी उठून कॅन घासायला लागली. ती न भांडता कामाला लागली की आम्ही घरात ओळखून असायचो, कुणाचं तरी दूध नासणार.

मालकीणबाईंना सराव पाहिजे होता. हॉलंडची माणसं ताडमाड असतात असं शाळेच्या मास्तरांनी सांगितलं आणि सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडं वळल्या. एक लुगडं पुरेना, दोन जोडून मला नेसवली. तेव्हापासून राजकुमारी लोकांबद्दल मला फार कळवळा वाटतो. गाल दुखेपर्यंत हसायचं. न कळणाऱ्या भाषेतलं भाषण कळल्यासारखं ऐकायचं. नाकावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. दाखवतील त्या कॅनात डोकावून 'अरे वा' करायचं. आमच्या दारात येणारा नंदीबैल हेच करतो, फक्त त्याला एवढ्या गाड्यांचा ताफा नसतो.

सरावाला पुण्याहून एक दुभाषी बाई आल्या होत्या. वटी झाल्यावर पाहुणीनंही वटी भरणारीला उलटं कुंकू लावायचं असतं, हे त्यांनी माझ्याकडं बघून नीट समजून घेतलं. पाहुणीला पढवून आणते म्हणाल्या.

राजकुमारी आली. सुती झगा, खांद्यावर ओढणी, माझ्यापेक्षा वीतभरच बुटकी. आण्णांनी स्वागताचं भाषण सुरू केलं ते शिवकाळापासून. ते कसेबसे तिच्यापर्यंत पोचले, तेव्हा मालकीणबाई ताट घेऊन पुढं झाल्या, कुंकवाला बोट लावलं, वर बघितलं आणि जागच्या जागी थिजल्या. वळून आण्णांच्या कानाला लागल्या, पण माईक मध्ये होता, सगळ्या मांडवानं ऐकलं:

"अवो, हिचं कपाळ मोकळं हाय. गळा बी मोकळा. हिचं मालक हायत का न्हाईत?"

चार दिवस सराव करताना हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण राजकुमारी म्हणून मी मळवट भरून, डोरलं घालून बसत होतो. आता एवढ्या मोठ्या घरच्या लेकीला 'तुमचं मालक जित्तं हायत का' हे विचारणार कोण? दुभाषी बाई वर मांडवाच्या झालरी बघायला लागल्या. आण्णा दातावर दात ठेवून म्हणाले, भर. मालकीणबाई म्हणाल्या, "मी न्हाय. मला माझं मालक हवं हायत."

आपण बायकोला हवे आहोत हे आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते असं भर मांडवात.

तेवढ्यात कॅनांच्या मागून काकी चालत आली. तिनं मालकीणबाईंच्या हातातलं ताट घेतलं. "आण हिकडं," ती म्हणाली. "माझं जायचं ते कवाच गेलंय. मला कशाची भीती?"

तिनं राजकुमारीला कुंकू लावलं, वटी भरली. राजकुमारीनं ओढणी पसरली, मी पसरायचो तशीच, थोडी बरी. मग पढवून आणलेलं तिला आठवलं. तिनं करंड्यात बोट बुडवलं आणि काकीच्या कपाळावर पोस्टाच्या शिक्क्याएवढं कुंकू उमटवलं.

मांडवात म्हशी असत्या तर रवंथ थांबला असता. आण्णा अडवायला पुढं सरकले, पण पाहुणीबरोबर आलेल्या मोठ्या साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी टाळ्या सुरू केल्या. साहेब वाजवतात म्हटल्यावर आण्णांनीही वाजवल्या.

गाड्यांची धूळ खाली बसली आणि गावची चार शहाणी माणसं काकीच्या दारात आली. कार्यक्रम झाला, आता कुंकू पुसून टाका, असं त्यांचं म्हणणं. काकी म्हशीचं आंबोण कालवत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "मी लावलं न्हाय, मी पुसणार न्हाय. सरकारी पावणीनं लावलंय. पुसायचं असंल तर हॉलंडला इचारून या."

आण्णांनी मुरगूडच्या स्टँडवर हॉलंडच्या गाडीची चौकशी केली असं लोक सांगतात. मी ते ऐकलेलं सांगतोय. पण दुसऱ्या दिवसापासून काकी रोज ठसठशीत कुंकू लावून संस्थेत यायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी टोकलंच तर म्हणायची, "कालचंच हाय. राजघराण्यातला रंग, जाईना झालाय."

राजकुमारीचा नवरा धडधाकट आहे, हे दुभाषी बाईंनी जाता जाता सांगून टाकलं होतं. मालकीणबाईंना हातची वटी उगाच घालवल्याची हळहळ महिनोन्‌महिने पुरली. संक्रांतीला त्या स्वतः उठून काकीच्या दारात आल्या, हळदी-कुंकवाचं बोलावणं घेऊन. ज्या घराचा उंबरा अशा दिवशी काकीला बंद, त्या घरचं बोलावणं. मला वाटलं काकीच्या डोळ्यांत पाणी येणार.

"त्या टायमाला म्हशीची धार असती माझी," काकी म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्याला न्या. ह्याला वटीची सवय हाय."

आणि मालकीणबाईंनी, खोटं सांगत नाही, मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.