शिऱ्यातली पाल

मंडळातल्या पोरांनो, आज फळ्यावर चेष्टा नाय. दुपारीच घडलंय, म्हणून लिवतोय.

तुमाला ठाव हाय, दादाच्या दोन्ही पोरांची पोटं सारखी बिघडतात. मुंबैचा डाक्टर म्हणाला, गव्हाचा संशय हाय, सहा महिने घरात गहू आणू नका. तवापासनं आमच्याकडं चपाती, पाव, बिस्कीट बंद. मी पण चहात तांदळाची भाकरी बुडवतो.

आज दहिवलीला काकूकडं सत्यनारायण होता. मी धाकट्या बाळूला घेऊन गेलो. काकूनं त्याच्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. मी लांबनंच ओरडलो, "काकू, नको गं! रवा गव्हाचा असतो, त्याला सोसत नाय."

सगळा मांडव हसला. काकू म्हणाली, "गेल्या वर्षी म्हणालास शिऱ्यात पाल पडली, आणि सगळ्यांचा शिरा एकट्यानं हाणलास. यंदा ही नवी थाप व्हय रं?"

"देवाशप्पत खरं हाय!"

"प्रसादानं कुणाला काय होतं रं? खा बाळू."

बाळूनं माझ्याकडं बघितलं. त्यालापण वाटलं काका चेष्टा करतोय. मी पोचेस्तोवर हसत हसत त्यानं खाल्ला.

आता तो पोट धरून वहिनीच्या मांडीवर पडलाय. काकूला बोलायला मला तोंड नाय.

पालीची गोष्ट ऐकून तुमीच जास्त हसला होता. रविवारी आपल्या मंडळाची पूजा हाय. तिथं मी "नको" म्हणालो, तर तुमच्यातला कोण ऐकंल?