पाटावरची रायफल
बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला ऑन्टारिओतल्या लंडनजवळच्या आमच्या फार्मवरचा तो दसरा आठवतो. कोल्ह्याने निम्म्या कोंबड्या नेल्या होत्या, बंदुकीचं लायसन्स नुकतंच हातात आलं होतं आणि आदल्या दिवशी बायको आणि मी रायफल निवडायला दुकानात गेलो होतो. मला हरणाच्या शिकारीची दणदणीत थ्री-झिरो-एट हवी होती. "अरे, तिची गोळी लांब जाते, पलीकडे शेजाऱ्यांचे घोडे आहेत!" ती म्हणाली. सगळ्यात छोट्या टू-टू रायफलने लांबचा कोल्हा नुसताच जखमी झाला असता. मग तिने मधली टू-टू-थ्री खांद्याला लावली, गाल टेकवला आणि खुदकन हसली. "हीच घ्यायची. हिची हलकी गोळी मातीत बहुतेक तिथेच फुटते, मी वाचलंय." घरी येईपर्यंत आम्ही लहान मुलांसारखे बडबडत होतो. दसऱ्याला तिने पाटावर, दरवर्षी शस्त्र म्हणून पुजायच्या माझ्या लॅपटॉपशेजारी ती रिकामी रायफल ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. व्हिडिओ कॉलवर नागपूरहून आई ओरडली, "अगं बाई, खरंखुरं शस्त्र!" आम्ही पोट धरून हसलो. मग मी हात जोडले आणि एकदम तो कोल्हा डोळ्यांपुढे आला, छातीत धडधडायला लागलं. लॅपटॉपला नमस्कार करताना इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आज त्या रायफलला तेल लावताना वाटतं, शस्त्रपूजा मी आयुष्यात पहिल्यांदा केली ती त्या दिवशी.