सात नंबरच्या मशीनवरची बाई

डिसेंबरातली थंडी येरवड्यात नदीकडून येते, आणि एकदा पत्र्याच्या घरात शिरली की दुपारपर्यंत बाहेर पडायचं नाव घेत नाही. त्या दिवशी आभाळही उगाच भरून आलेलं, ना पाऊस ना ऊन. दीपमाला ठवकरने पाचला उठून पाणी भरलं, पोरीच्या वेण्या घालून तिला शाळेत पिटाळलं आणि नवऱ्याचा डबा बांधला. नवरा डबा घेऊन निघाला खरा, पण कामावर नव्हे. कारखान्याने त्याला दिवाळीनंतर घरी बसवलं होतं. तो रोज चाकणला जाऊन एकेका कंपनीच्या गेटापुढे उभा राहायचा आणि संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत यायचा. गल्लीत अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं.

म्हणजे आता घर चालत होतं ते तिच्या एकटीच्या नोकरीवर. आणि त्या नोकरीत राहायचं तर दुपारी बाराच्या आत तिला घरच्या कॉम्प्युटरवरून कंपनीच्या कामात शिरायचं होतं. नाही जमलं, तर परत गावाकडे, भंडाऱ्याची गाडी आणि सासऱ्याचं घर.

नोकरी शनिवार पेठेतली. भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली, खोलीत बारा मशीन, बारा मशीनवर बारा बाया. विम्याचे पैसे मागणारे कागद गावोगावहून यायचे. कुणाचा पाय मोडलेला, कुणाची म्हैस मेलेली. हाताने लिहिलेले ते फॉर्म पडद्यावर दिसायचे आणि बायांनी ते वाचून खालच्या चौकटीत टाइप करायचे. दीपमाला सात नंबरच्या मशीनवर. डॉक्टरचं कसलंही अक्षर तिला वाचता यायचं, म्हणून न लागणारे सगळे फॉर्म तिच्याकडे ढकलायचे.

नोव्हेंबरात जागेचा करार संपला आणि कंपनीने ठरवलं, आता सगळ्यांनी घरून काम करायचं. आपापलं मशीन घेऊन जा. दीपमालाने सात नंबर रिक्षात मांडीवर धरून आणलं, तान्ह्या पोरासारखं. पण देण्याआधी कंपनीने आतलं सगळं पुसून टाकलेलं होतं. आता प्रत्येकीने कंपनीचं सॉफ्टवेअर स्वतः उतरवून घ्यायचं, बसवायचं आणि आयडी-पासवर्ड घालून आत यायचं. बारानंतर यादी बंद. जी आत आली नाही तिची जागा बाहेरच्या एजन्सीला.

सुपरवायझर बापूराव गोडसे यांनी रात्रीच ग्रुपवर यादी टाकली होती. मशीन नंबर, त्यापुढे आयडी, त्यापुढे पासवर्ड. खाली एक ओळ: ‘यानंतर शंका विचारू नयेत. वाचता येतं म्हणूनच आपल्याला नोकरी दिली आहे.’

घरात इंटरनेट नव्हतं. भिंतीपलीकडच्या नाजिमाआपा फोन घेऊन आल्या आणि हॉटस्पॉट चालू करून पलंगावर मांडी ठोकून बसल्या. आपांचं माहेर-सासर दोन्ही येरवड्यातलं, नवऱ्याचं गाद्यांचं दुकान.

"किती टक्के झालं?"

"सदतीस."

"मघाशीपण सदतीसच होतं की गं."

"आता अडतीस झालं पाहा ना जी."

"वा! एवढ्या वेळात आमचे हे दोन गाद्या भरून मोकळे होतात."

फाईल उतरायला तास गेला. मग तिच्यावर दोनदा टिचकी मारली तर पडद्यावर पिवळी चौकट: हा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरला धोका पोहोचवू शकतो. पुढे जायचं का? दीपमालाचा हात माऊसवरच थिजला. ऑफिसात असलं काही तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिथं बापूराव सकाळी नऊला यायचे, देवाच्या फोटोला उदबत्ती लावायचे आणि मग पासवर्डांची लाल डायरी उघडून एकेक करत बाराही मशीन स्वतः सुरू करायचे. बाया साडेनऊला येऊन बसायच्या तेव्हा फॉर्म पडद्यावर तयार असायचा. चाललेल्या गाडीत बसायची सवय. गाडी सुरू कशी करतात ते कुणी शिकवलं नव्हतं.

"दाब ‘हो’," आपा म्हणाल्या. "धोका तर धोका. आपल्या घरात आहे काय घेऊन जायला?"

तिने ‘हो’ दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू भरली. दहा वाजून पाच मिनिटांनी कंपनीचं निळं चिन्ह पडद्यावर आलं आणि दीपमालाला हायसं वाटलं. ग्रुपवर पाहून तिने सात नंबरपुढचा आयडी टाकला, पासवर्ड टाकला. आत जाण्याऐवजी नवी चौकट उघडली: ‘आपल्या मोबाईलवर पाठवलेला कोड टाका. मोबाईलचे शेवटचे दोन आकडे ३८.’

दीपमालाच्या मोबाईलचे शेवटचे दोन आकडे ०६ होते.

ती तरी फोन हातात धरून बसली. पुन्हा कोड मागितला, पुन्हा बसली. पाचव्यांदा मागितल्यावर मशीन म्हणालं, आता थोड्या वेळाने प्रयत्न करा. साडेदहा. तिने यादीखाली दिलेला मदतीचा नंबर लावला; अर्ध्या तासाने तो लागला.

"हाय, केयूर बोलतोय. सांगा."

"सर, मी दीपमाला ठवकर. सात नंबर. मले कोडच नाही येऊन राह्यला."

"आयडी सांगा." खटखट आवाज. "हा आयडी मुक्ता शेलारच्या नावावर आहे. घरून लॉगिन केलं की कोड त्यांनाच जाणार ना. तुम्ही दुसऱ्याच्या आयडीने का लॉगिन करताय, मॅडम?"

दीपमालाच्या डोळ्यांपुढे ती सहा वर्षांपूर्वीची सकाळ आली. मुक्ताने नोकरी सोडली होती, तिच्या जागी ही आलेली. दोन दिवस मुक्तानेच शेजारी बसून काम शिकवलं. तिसऱ्या दिवशी बापूराव म्हणाले होते, "आत्ता हिच्याच नावाने बसा. तुमचं नंतर करू." नंतर कधी झालंच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत रोज ‘मुक्ता’ लिहून यायचं. तिला वाटायचं, ते मशीनचं नाव असेल. पगार ठेकेदाराकडून तिच्या स्वतःच्या नावावर बँकेत यायचा, मग शंका कशाला यायची?

"मग माझा आयडी पाहा ना जी. माझ्या नावाचा असंलच."

पुन्हा खटखट. "आहे. सहा वर्षांपूर्वी बनवलाय. त्यानंतर एकदाही लॉगिन नाही. झीरो. म्हणून सिस्टिमने बंद केलाय. सॉरी टू आस्क, पण तुम्ही काम करत होता का?"

"सहा वर्षं झाले, सर! दिवसाचे दीड-दीडशे फॉर्म टाकून राह्यली मी!"

"मी नाही म्हणत नाहीये. सिस्टिम म्हणतेय." मग त्याचा आवाज जरा उतरला. "ऐका. सुपरवायझरचा मेल आला तर मी लगेच नवा आयडी उघडून देतो. पण बाराच्या आत. बारानंतर माझ्या हातात काही राहत नाही. आणि दुसऱ्याच्या आयडीबद्दल तुम्ही जे बोललात ते मी लिहून नाही घेतलंय, ओके?"

फोन ठेवल्यावर तिला बापूरावांची भीती वाटली. म्हणून आधी तिने मुक्ताला लावला. सहा वर्षांत एकदाही न लावलेला नंबर, शेवटी ३८. मुक्ता आता सासवडकडच्या एका वाडीत राहायची, ब्लाऊज शिवायची. मागे शिलाई मशीनचा आवाज चाललेला.

"व्हय, आलेत की कोड. सकाळधरनं पाच आलेत. मी म्हणलं, कोण फशिवतंय मला?"

"मी हो, दीपमाला. तुमच्या मागून लागली होती ना? सांगा ना तो कोड, मुक्ताताई. माझी नोकरी जाते जी."

सगळं ऐकून घेतल्यावर शिलाई मशीन थांबलं. मग मुक्ता हसली. "म्हंजे सा वर्सं मीच कामाला हाय तितं? आन मला ठावच न्हाई! कशी करतीया मी काम? बरं हाय ना?"

"सगळ्यात चांगलं," दीपमाला म्हणाली. तिला हसायला आलं नाही.

"आन कोड रोजच द्याचा का?"

"रोज सकाळी."

मुक्ताने शिलाई मशीन पुन्हा सुरू केलं. मग म्हणाली, "न्हाई गं बाई. रागावू नगं. इम्याचे कागद हायेत ते. उद्या कुणाचं काय इकडचं तिकडं झालं, तर माज्या दारात येतील, तुज्या न्हाई. माजं नाव तितनं काढायला लाव. तुजं तू बघ."

फोन बंद झाला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. दीपमाला उठली, मोरीपाशी गेली, परत आली. आपांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "लाव आता त्या गोडसेंना. आणि रडायचं नाही. रडलीस की तो माणूस जिंकला म्हणून समज."

बापूरावांनी पाचव्या रिंगला उचलला. "दीपमालाबाई, घरून काम म्हणजे घरून फोन नव्हे."

तिने सांगितलं. बापूरावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यांच्या बाबतीत ते चांगलं लक्षण नव्हतं. मग ते बोलले तेव्हा आवाज ऑफिसातला नव्हता, थकलेल्या माणसाचा होता.

"मेल करतो. पण काय लिहू ते नीट ऐका. सहा वर्षं तुम्ही मुक्ताच्या नावाने बसलात असं लिहिलं, तर पहिला प्रश्न मला, पासवर्ड कुणी दिला? दुसरा तुम्हाला, दुसऱ्याच्या नावाने का बसलात? दोघंही बाहेर. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. मी लिहितो, दीपमाला ठवकर या नव्या आहेत. आजपासून."

"नवी? सर, मले तर नव्या पोरी विचारतात अक्षर! पगारवाढ नव्यापासून मोजतील, सुट्ट्या नव्यांच्या. अन् चाचणीच्या तीन महिन्यांनी ठेवतील का नाही, तेही माहीत नाही. सहा वर्षं कुठी गेली मग माही?"

"कुठेच गेली नाहीत. कंपनी ठेकेदाराचा पगार बघत नाही, लॉगिन बघते, आणि ती सगळी मुक्ताच्या नावावर आहेत. त्यांचा तुम्हाला काय उपयोग आणि मला काय?"

"तुमीच बसवलं ना जी मले तिथं. मी तर म्हटलंही नव्हतं."

"मी बसवलं," बापूराव म्हणाले. एवढंच. नेहमीची पुढची टोमण्याची ओळ आली नाही. "अकरा पस्तीस झालेत. पाठवू का नको?"

आपा पलंगावरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. दीपमालाला एकदा वाटलं, नको म्हणावं, कंपनीच्या मोठ्या साहेबाला फोन करावा, लाल डायरीचं सांगावं, सगळ्या बायांना साक्षीला बोलवावं. पण त्या मोठ्या साहेबाचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं. आणि चाकणच्या कुठल्याशा गेटापुढे आत्ता नवरा डबा घेऊन उभा होता.

"पाठवा," ती म्हणाली.

अकरा सेहेचाळीसला केयूरचा फोन. नवा आयडी, नवा पासवर्ड. तिने एकेक अक्षर तोंडाने म्हणत टाकलं. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. आपा पुटपुटत होत्या, दुआ की शिव्या ते कळलं नाही. मग दीपमालाच्या फोनवर टिंग झालं. तिच्याच फोनवर. सहा आकडे. ते तिने टाकले. अकरा चोपन्नला पडदा उघडला आणि वरच्या कोपऱ्यात ‘दीपमाला ठवकर’ आलं. शेजारी लाल पट्टी: नवीन ऑपरेटर. चाचणी कालावधी, दिवस पहिला.

ती बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली. एवढी वर्षं त्या जागी दुसरीचं नाव होतं, हे आता कुठे नीट कळत होतं. खाली पहिला फॉर्म आला. स्वच्छ छापील. नव्यांना सुरुवातीला असलेच देतात, लेकराला मऊ भात देतात तसे. तिने तो एका मिनिटात संपवला, पुढचा उघडला, तोही संपवला. मशीनने इंग्रजीत शाबासकी दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पदराने पुसलं नाही, तसंच वाहू दिलं आणि टाइप करत राहिली.

"झालं का गं?" आपांनी विचारलं.

"झालं जी. लागली मी कामाला. आजपासून."

आपा उठल्या. फोन टेबलावरच चालू ठेवून गेल्या, संध्याकाळी नेते म्हणाल्या.

एक वाजता पडद्यावर आलं, जेवणाची सुट्टी, तीस मिनिटं. दीपमालाने खुर्ची मागे सारली. जेवायची इच्छा नव्हती. कोपऱ्यातून मेथीची जुडी ओढून ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक काडी मोडून पानं खुडायला लागली.