ब्लीचची अख्खी पुडी

त्या शनिवारी सकाळी मी गंगाखेडच्या कॉलेजात बारावीच्या मुलांना अभिक्रियेचा वेग शिकवत होते. कागदावर फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचं आणि हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, द्रावणात आम्ल ओतायचं. द्रावण दुधाळ होत जातं आणि फुली दिसेनाशी होते. हायपो तीव्र असला की फुली बघता बघता गायब. पाणी घालून पातळ केला, की मुलं कंटाळून जांभया देतात. कण जास्त, टकरी जास्त, वेग जास्त. फळ्यावर एवढं लिहून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि परभणीची एसटी धरली. पुढं बोरीला, माझ्या माहेरी, धाकट्या बहिणीला बघायला चार वाजता पाहुणे येणार होते.

घरी पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. बहीण मधल्या खोलीत खुर्चीवर मान मागं टाकून बसली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरा थर. शेजारी आत्या वर्तमानपत्रानं वारा घालत होती. ब्लीचची ती डबी मीच महिन्यापूर्वी बहिणीला आणून दिली होती. तिनं मागितली, मी दिली. का मागितली, ते विचारलं नाही.

"ताई, लय चुरचुरायलंय गं," बहीण ओठ न हलवता म्हणाली.

"चुरचुरलं म्हंजी लागू पडायलंय," आत्या म्हणाली. "हलू नको."

मी वाटी उचलली. ती गरम लागली. क्रीम फसफसून वर आलं होतं आणि नाकात झोंबत होतं. खाली पावडरची पुडी पडली होती, पार रिकामी.

"आत्या, ही सगळी टाकली?"

"चिमूटभर टाका म्हणून लिवलंय. चिमटीनं काय व्हतंय? पाव्हणे चारला यायलेत. जास्त टाकलं की लवकर उजळतंय."

उत्तर बरोबर होतं. वर्गात एखाद्यानं दिलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. क्रीममधलं पेरॉक्साइड त्या पावडरीनं झपाट्यानं फुटतं. पावडर जास्त तेवढा वेग जास्त. फक्त इथं चंचुपात्राच्या जागी माझ्या बहिणीचं तोंड होतं.

मी तिला दंडाला धरून ओढतच न्हाणीत नेलं आणि बादलीभर पाणी तांब्या-तांब्यानं तोंडावर ओतलं. थर निघाला. गाल लाल झाले होते. हनुवटीवर आणि डोळ्यांखाली बारीक फोड आले होते. ती रडत नव्हती. तेच मला सहन झालं नाही. मी बाहेर येऊन आत्यावर ओरडले, इतक्या मोठ्यानं की गल्लीतल्या बायका दारात आल्या. "तुला कुणी सांगितलं होतं? पोरगी हाय का भिंत हाय?"

"तुझं शिक्षण तुझ्या कॉलेजात ठिव," आत्या म्हणाली. "तू गोरी होतीस म्हणून तुझं सुखानं जमलं. हिचं कोण जमवायलंय?"

लाली झाकायला आईनं तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढला. मी तो हातातून हिसकून घेतला. आई माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी नासवलं होतं.

पाहुणे वेळेवर आले. बहीण चहा घेऊन गेली, तोंड तसंच, लाल. मुलाच्या आईनं विचारलं, "तोंडाला काय झालं हो पोरीच्या?"

"ऊन लागलं जरासं," आत्या म्हणाली.

"ऊन नाही," मी म्हणाले. "तुम्हाला काळी दिसू नये म्हणून ब्लीच लावलं. भाजलं."

आमचे वडील खाली सतरंजीकडं बघत राहिले. मुलगा मोबाइलमध्ये. दहा मिनिटांत ते उठले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: नकार.

पण त्या दिवशी ते गेल्यावर बहीण माझ्यावरच उसळली. "तुला कुणी बोलायला लावलं होतं? तोंड माझं हाय का तुझं?"

"अगं, आत्यानं तुझं तोंड जाळलं, आणि..."

"आत्यानं न्हाई. मीच म्हणलं तिला, सगळी पुडी टाक. ती चिमूटभरच टाकत होती. आधीच्या दोघांनी रंगावरून नाही म्हणलं, तवा तू कुठं होतीस? फोनवर म्हणलीस, मनाला लावून घेऊ नको."

माझा राग जागच्या जागी होता. त्याला आता आत्या पुरत नव्हती.

परभणीच्या डॉक्टरनं मलम दिलं. फोड आठवड्यात गेले, हनुवटीवरचा डाग पावसाळाभर राहिला. बहिणीनं त्या वर्षी कुणासमोर बसायला साफ नकार दिला आणि जिंतूरला एका दवाखान्यात नोंदणीच्या कामाला लागली. अजून तिथंच आहे. लग्नाचा विषय निघाला की उठून जाते.

आत्याशी मी तेव्हापासून बोलत नाही. दिवाळीला ती आली की मी कामाच्या निमित्तानं मागच्या अंगणात जाते. बहीण मात्र तिच्याशी रोज फोनवर तास-तासभर बोलते, हसते. माहेरी दोघी एकत्र असलो की मला ते ऐकू येतं, आणि त्याचाही मला राग येतो.